फेअरवेवरची आडवी रेघ

“पण सर, गोल्फच्या मैदानात आडवं कोण चालेल?”

ऋजुता तांबटने लॅपटॉप निगुडकर सरांपुढे सरकवला होता. उपग्रहाच्या फोटोत सातव्या खड्ड्याकडे जाणारी हिरवळीची लांब पट्टी, म्हणजे फेअरवे, लख्ख दिसत होती. आणि तिला मधोमध छेदून गेलेली एक बारीक, फिकट रेघ. खेळणारे उभे जातात, त्यांच्या बॅटरीवरच्या गाड्याही उभ्याच जातात. ही रेघ आडवी होती.

एवढीशीच गोष्ट. पण खुपली.

सर भूमी अभिलेख खात्यातले निवृत्त मोजणीदार. ऋजुता भूगोलाची एम.एस्सी. इंटरनेटवर कुणीही भर घालावी असा जो सगळ्यांचा नकाशा असतो, त्यात ती गोल्फची मैदानं काढायची. जमीन कशी वाचायची हे मात्र तिला सरांनी शिकवलं होतं.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

“जाऊन बघ.”

“फोटो ताजा आहे, सर. अगदी स्वच्छ.”

“जाऊन बघ.”

ती गेली. फाटकापर्यंत. वॉचमनने लांबूनच “ओ मॅडम, काय पाहिजे?” असं खेकसून विचारलं. ऋजुता दचकली. काही नाही, म्हणाली आणि आलेल्या रिक्षानेच परत फिरली.

घरी येऊन तिने त्या रेघेला नाव दिलं. क्लबच्या गाड्यांचा रस्ता. खासगी.

बाकी मैदान तिने जीव ओतून काढलं. वाळूच्या खड्ड्यांच्या कडा, तळ्याचं वळण, खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताचा, म्हणजे प्रत्येक ग्रीनचा, नेमका घेर. स्कॉटलंडहून कुणीतरी कौतुकाचा निरोप धाडला. भारतातलं इतकं अचूक गोल्फ मैदान आजवर पाहिलं नव्हतं म्हणे. तो निरोप तिने आईला वाचून दाखवला, सरांनाही दाखवला.

“छान. मोठ्या मोजणीदारीणबाई झालात,” सर म्हणाले.

त्यांनी रेघेचं विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

याला दोन वर्षं झाली.

आज दुपारी ती पुन्हा त्यांच्या दारात उभी होती. चप्पल काढायचं भान नव्हतं.

“सर, ती वाट होती.”

“कुठली?”

“सातव्या फेअरवेवरची. क्लब आहे त्या माळाच्या वर कोकरेवस्ती आहे. तिथली माणसं त्या वाटेने खाली पिंपळदऱ्याला उतरायची. दूध घेऊन, दवाखान्यात, शाळेत. गेल्या वर्षी क्लबने कुंपण घातलं. आता सहा किलोमीटरचा वळसा पडतो.”

“तुला कुणी सांगितलं?”

तिने मोबाइल पुढे केला. नकाशाच्या साइटवरच निरोप आला होता, संगीता कोकरे या नावाने. ताई, आमच्या वाटेला खासगी तुम्हीच लिहिलंय का? क्लबच्या वकिलाने तहसीलदारांपुढे तुमचा नकाशा लावलाय. उद्या अकराला शेवटची सुनावणी आहे.

सरांनी निरोप वाचला. पुन्हा वाचला.

“मी आत्ता दुरुस्त करते,” ऋजुता म्हणाली. “दोन मिनिटांचं काम आहे.”

“कर.”

तिने लॅपटॉप उघडला, रेघेवर बोट ठेवलं.

“दुरुस्तीपुढे तारीख पडते ना?” सरांनी विचारलं.

“पडते.”

“कुठली पडेल?”

“आजची...”

तिचं बोट तिथेच थांबलं. खोटं दोन वर्षांचं होतं. खरं एका दिवसाचं ठरणार होतं, तेही सुनावणीच्या आदल्या दिवसाचं.

“तुमच्याकडे जुना गावनकाशा आहे,” ती एकदम म्हणाली. “फेरमोजणीचा. त्यात पायवाट तुटक रेघेने दाखवलेली असणारच. तो द्या मला. तो दाखवला की संपलं.”

सर उठले नाहीत.

“सर?”

सरांनी पलंगाखाली नुसती नजर टाकली.

“हरवलाय का?”

“हरवला असता तर बरं झालं असतं.”

ते उठले, पलंगाखालची ट्रंक ओढली, कापडात गुंडाळलेला नकाशा काढून जमिनीवर पसरला. ऋजुता गुडघ्यांवर बसली. माळ सापडला, वस्तीही सापडली. मधे कोरा कागद.

“नाहीये.”

“कोपऱ्यात बघ.”

“कोपऱ्यात कशी असेल वाट?”

“सही वाच.”

तिने वाचली. शाई फिकी झाली होती, पण ‘निगुडकर’ नीट लागत होतं.

बाहेर नळाला पाणी आलं, बादलीत धार वाजू लागली. ती ऐकूनही ऋजुता दचकली.

“माळाच्या मालकांनी जेवायला बसवलं होतं,” सर म्हणाले. “वैशाखाचं ऊन. आमरस होता. नंतर वर कोण चढणार? मी विचारलं, माळावर काय आहे? ते म्हणाले, काही नाही. मी तसं काढलं.”

“आमरस...”

“दोन वाट्या.”

तिला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. आवाज चढला.

“मग मला कशाला सांगत होतात? जाऊन बघ, जाऊन बघ!”

“तू तरी जाशील म्हणून.”

ती उठली, दाराशी गेली, वळली.

“उद्या याल? तहसीलदारांपुढे एवढंच सांगा. मी वर चढलो नव्हतो. बाकी काही नको.”

सर नकाशाची घडी घालत होते. ती जुन्या रेषांवर बसेना.

“अकरा म्हणालीस?”

“अकरा.”

“बरं.”

दुसऱ्या दिवशी अकराला तहसील कचेरीत संगीता होती, तिची आजी बायडाबाई होती, ऋजुता होती. सर नव्हते.

तिने फोन लावला. नुसताच वाजत राहिला.

पुकारा झाला. क्लबच्या वकिलांनी दोन्ही नकाशे टेबलावर ठेवले. शांत गृहस्थ. आवाज चढवायची त्यांना गरजच नव्हती.

“साहेब, हा सरकारी गावनकाशा. यात वाट नाही. आणि हा लोकांनी काढलेला. आमच्या सांगण्यावरून नाही, आपण होऊन. यात वाळूच्या खड्ड्यांचे आकारसुद्धा जिथल्या तिथे आहेत. यात ही रेघ आहे आणि पुढे लिहिलंय, क्लबच्या गाड्यांचा रस्ता, खासगी. ज्याने खड्डे इतके बरोबर काढले, तो रस्त्यात चुकेल?”

ऋजुता उभी राहिली.

“ते मी काढलंय, साहेब. रेघ चुकीची आहे. मी फाटकातूनच परत फिरले, आत गेलेच नव्हते.”

वकील तिच्याकडे वळले.

“वाळूचे खड्डे बघायला तरी गेला होतात?”

“...नाही.”

“ते तर बरोबर आहेत.”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

तहसीलदारांनी बायडाबाईंना विचारलं, “आजी, तुमच्याकडं काही कागद?”

“कागद कुठला सायेब? लगीन होऊन आले ती त्याच वाटनं आले. सासरा गेला, त्याला त्याच वाटनं खाली न्हेला. तवा कुनी कागद मागितला न्हाई.”

तहसीलदारांनी पेन खाली ठेवलं. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण वाईट वाटलेलं कुठे लिहिता येत नाही.

“आणखी कुणी साक्षीदार?”

“आहेत,” ऋजुता म्हणाली. “ज्यांनी हा गावनकाशा काढला, ते. येताहेत.”

वकिलांनी पहिल्यांदा मान वर केली.

“पाच मिनिटं थांबतो,” तहसीलदार म्हणाले. “मग फाईल निकालाला ठेवेन.”

ती व्हरांड्यात धावली. एकदा लावला. दोनदा. तिसऱ्यांदा लावताना बोटं भलत्याच नावावर पडली.

संगीता शेजारी येऊन उभी राहिली.

“उचलत न्हाईत का?”

“उचलतील.”

“ताई, एक विचारू? राग मानू नका.”

“विचार.”

“तुम्ही त्या दिवशी फाटकातनं आत आला असता, तर मीच दिसले असते तुम्हाला. तवा कुंपण नव्हतं, रोज सकाळ-संध्याकाळ दूध घेऊन उतरायचे मी.”

ऋजुताने मान खाली घातली. फोन वाजत होता. आतून शिपायाने हाक दिली, “कोकरे! चला, साहेब थांबलेत!”

चौथ्यांदा. पाचव्यांदा.

आणि फोन उचलला गेला.

आधी नुसता वारा. मग शिट्टी, लागोपाठ दोनदा. लांबून कुणीतरी ओरडत होतं, “ओ आजोबा! खेळ चालूय इथं, बाहेर व्हा! चेंडू लागेल!” आणि अगदी जवळ, म्हाताऱ्या माणसाची धाप.

“सर! कुठे आहात तुम्ही? इथे फाईल बंद होतेय, सर...”

“सहाशे बारा पावलं,” सर म्हणाले. “मधे बोलू नकोस, वाट मोजतोय.”