सूतभर अंतर

अवजारं एकमेकांशी मन मोकळं करायची, त्या काळातली ही गोष्ट. बाबाजान मिस्त्रींच्या वेल्डिंगच्या टॉर्चमध्ये टंगस्टनची एक सुई होती. एकदा पातळ स्टीलचा, चिरलेला दुधाचा कॅन दुरुस्तीला आला. सुई त्याच्यापासून सूतभर अंतरावर पेटली. खाली स्टील वितळून चमकू लागलं आणि सुईचा जीव त्याच्यात गुंतला.

"अजून करंट दे," ती मिस्त्रींच्या पायाखालच्या पेडलला म्हणाली. "माझी धग त्याला नीट पोचू दे."

"पत्रा पातळ आहे, भोक पडेल," पेडल म्हणालं.

सुईला राहवलं नाही. ती झुकली आणि वितळलेल्या स्टीलला टेकली. तत्क्षणी ज्योत विझली. पत्र्यावर काळा डाग पडला, सुईचं टोक बरबटलं.

मिस्त्रींनी डाग घासून काढला, सुईला धार लावायच्या चाकावर धरून पुन्हा टोक काढलं.

"रागावलास?" सुईनं कॅनला विचारलं.

"नाही गं," कॅन म्हणाला. "पण तू लांबून तापतेस, तेव्हाच माझी चीर भरते."

या वेळी सुई लांबच राहिली. चीर भरत आली तसा पेडलनं करंट हळूहळू उतरवला. थोड्या वेळानं डेअरीवाली कोंडाबाई कॅन घेऊन निघून गेली. सुई दाराकडे बघत राहिली. ती अजून गरमच होती.