आबांची पायी फेरी

डोंगराच्या कुशीत वसलेल्या खडकओहोळ नावाच्या गावात मानसिंगराव पाटणकर नावाचे एक नामांकित जीपवाले राहत होते. गाव त्यांना आबा म्हणे. चिखल, दगड, ओढा, उभा चढ, काहीही समोर येवो, त्यांची जीप अडली असे कधी कुणी पाहिले नव्हते. तिच्या सायलेन्सरचे पोट कापून त्यांनी सरळ नळी बसवली होती. जीप घाटाखाली असली तरी वरच्या गावाला कळायचे, की आबा आले. त्या गडगडाटाचा त्यांना फार अभिमान होता.

त्यांच्याच हौसेने गावच्या माळावर दरवर्षी जीपगाड्यांची शर्यत भरे. लांबलांबून गाड्या येत. गावाचे नाव होई, हॉटेलवाल्यांपासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्यांचा धंदा होई.

पण माळाच्या कडेला धनगरांचा वाडा होता. एका वर्षी गाड्यांच्या आवाजाने मेंढरे बिथरली आणि बांध ओलांडून उधळली. पळापळीत कितीतरी कोकरे चेंगरून मेली. वाड्यातला म्हातारा म्हाकू येडगे मेलेले कोकरू खांद्यावर घालून ग्रामसभेत आला. कोकरू त्याने सगळ्यांसमोर खाली ठेवले आणि बसून राहिला.

शर्यत बंद करावी, असेच सगळ्यांच्या मनात आले. तेव्हा आबा उठले. म्हणाले, "पुढच्या वर्षापासून गाडीचा आवाज मोजल्याशिवाय ती माळावर उतरणार नाही. मर्यादेच्या वर एक आकडा गेला, तरी गाडी परत. हा माझा शब्द."

म्हाकूने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "बघू."

आवाज मोजायला कुणाला नेमायचे, यावर बराच खल झाला. आबांनी नसीम शिकलगारचे नाव सुचवले. नसीम गावातल्या गॅरेजवाल्याची मुलगी. इंजिनांचे शिक्षण घेऊन नुकतीच परतली होती. पंचांपैकी एकजण म्हणाला, "पोरगी आहे. मोठमोठे गाडीवाले दरडावतील, ही मागे सरेल."

"ही सरायची नाही," आबा म्हणाले. "मी ओळखतो तिला."

पुढच्या वर्षी शर्यतीचा दिवस उजाडला. माळावर माणूस मावत नव्हता. नसीमने आवाजाचा मीटर तीन पायांच्या तिकाटण्यावर लावला होता. नळीच्या तोंडापासून मीटर किती लांब असावा, त्या मापाची एक काठी तिने कापून घेतली होती. गाडी आली, की ती काठी लावी, इंजिन ठरल्या वेगाने फिरवायला सांगे आणि आकडा मोठ्याने वाचे. मर्यादा पंचाण्णव डेसिबलची होती. बऱ्याच गाड्या पास झाल्या. काही परत गेल्या. शहरातून आलेल्या एका गाडीवाल्याने तिच्यावरच आवाज चढवला, तर तिने तोच आकडा पुन्हा वाचून दाखवला.

इतक्यात आबांची जीप गर्जत आली. दरवर्षी पहिली फेरी त्यांची असे. हातात झेंडा घेऊन ते माळाला एक फेरी मारत आणि मग शर्यत सुटे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जीप रांगेच्या बाजूने सरळ पुढे निघाली.

नसीमने हात आडवा केला. "काका, गाडी मोजायची राहिली."

आबा हसले. "मी कुठे शर्यतीत आहे, पोरी? नुसती फेरी मारतोय."

"शर्यत कुठली आणि फेरी कुठली, हे मेंढरांना कसं कळणार, काका?"

आबांचे हसू मावळले. त्यांनी जीप थांबवली. नसीमने काठी लावली, मीटर ठेवला आणि आकडा वाचला. "एकशे चार."

आबांचे कान तापले. आयुष्यात त्यांची जीप कुणी अडवली नव्हती. ते खाली वाकून हळूच म्हणाले, "मीटर जरा लांब धर."

नसीमचा चेहरा उतरला, पण आवाज तसाच राहिला. "तुम्ही म्हणाल तर धरते. पण मग सगळ्यांनाच लांब धरावा लागेल. परत पाठवलेल्यांनाही बोलवावं लागेल."

आबांनी मागे पाहिले. परत पाठवलेले गाडीवाले पाने-पकडी हातात घेऊन बघत उभे होते. पलीकडे बांधावर म्हाकू घोंगडी पांघरून बसला होता. आणि समोर ही मुलगी, जी सरायची नाही असे ते स्वतःच छातीठोकपणे सांगून बसले होते. ती खरोखरच सरली नव्हती. आबांचा राग कुठल्या कुठे गेला. आपली पारख खरी ठरली, या विचाराने त्यांची छाती भरून आली.

त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केले. झेंडा उचलला आणि खाली उतरले.

"गाडी नापास," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "फेरी मात्र होणार."

आणि आबा पायी निघाले. चिखलात त्यांचे जोडे रुतले, तेव्हा ते काढून त्यांनी हातात घेतले. ओढा गुडघाभर पाण्यातून ओलांडला. उभ्या चढावर दोनदा थांबून त्यांना दम घ्यावा लागला. सुरुवातीला काहीजण हसले. चढ संपेपर्यंत त्यांचे हसू विरले होते. एका गाडीवाल्याने मीटरला फसवायला नळीत कोंबलेली तारेची जाळी गुपचूप उपसून काढली, मान खाली घालून सायलेन्सर बदलला आणि पुन्हा रांगेत येऊन उभा राहिला. त्याला तसे करायला कुणीही सांगितले नव्हते.

फेरी संपली तिथे म्हाकू बांधावरून उतरून आला. म्हणाला, "तुमची गाडी लई वर्सं ऐकली, आबा. सबूद आज ऐकला."

त्या दिवशी शर्यत रंगली आणि मेंढरेही चरत राहिली. संध्याकाळी ग्रामसभेने पुढच्या वर्षीच्या शर्यतीसाठीही माळ द्यायचे ठरवले.

आता बाहेरगावचा पाहुणा आला, की आबा जीपच्या पराक्रमांच्या आधी एकच गोष्ट ताठ मानेने सांगतात : "आमच्या माळावर आवाज मोजतात. माझ्या जीपचासुद्धा मोजला आणि तिला परत पाठवलं."

तात्पर्य: जो आपणच ठरवलेल्या मापाखाली स्वतः उभा राहतो, त्याचेच माप लोक मानतात.