दुकानात न परतलेले रोगी

पूर्वी इंद्रावती नगरीत पद्मसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्मले. तक्षशिलेत शिकताना त्यांना वाटे, माणूस आजारी पडला की वैद्याकडे जातो. परतल्यावर दिसले ते निराळेच. लोक आधी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जात, आणि बहुतेक तिथूनच घरी.

दुकानदारांनी नुसते औषध विकावे, की रोग्याची विचारपूस करून सल्लाही द्यावा, यावर नगरात वाद पेटला होता. राजाने तो बोधिसत्त्वांवर सोपवला. पौर्णिमेच्या सभेत एकच उत्तर द्यायचे आणि राजवैद्याचे आसन घ्यायचे, असे ठरले.

बोधिसत्त्व दोन दुकानांत आलटून पालटून बसू लागले. उत्पला नावाची दुकानदारीण रोग्याची जीभ पाही, काय खाल्ले ते विचारी, पुन्हा दाखवायला बोलावी. सोमिल शेठ पुडी बांधून देई आणि गप्प राही. उत्पलेकडे तेच रोगी पुन्हा पुन्हा येत. सोमिलाकडे सहसा कुणी परतत नसे. बरा झालेला माणूस औषधाच्या दुकानाची पायरी चढला तर आजार मागे लागतो, अशी त्या नगरीत समजूत होती. तेव्हा जे परतले नाहीत ते बरे झाले आणि जे परतत राहिले ते अजून आजारी, असे बोधिसत्त्वांनी धरले. दुकानदारांना सल्ला देण्यास मनाई करावी, हे त्यांच्या मनाने जवळजवळ घेतले.

उत्पलेच्या कानावर ते गेले. ती म्हणाली, "उद्या कुणी तापानं फणफणत दारात आलं, तर मी काय भिंतीकडे बघू?"

सभेच्या आदल्या दिवशी बोधिसत्त्व माठ घ्यायला भद्दक कुंभाराकडे गेले. त्याने सोमिलाकडून गुडघ्यांसाठी तेल नेले होते आणि तो पुन्हा फिरकला नव्हता, म्हणून बोधिसत्त्वांनी त्याला बऱ्या झालेल्यांत धरले होते. तो अंथरुणाला खिळला होता. चोळायचे तेल तो रोज पीत होता.

"उलट्या होतात ना, म्हणजे लागू पडतंय," त्याची बायको समाधानाने म्हणाली.

पुन्हा दुकानात का गेला नाहीस, असे बोधिसत्त्वांनी विचारले.

"पाय चालत नाहीत म्हणून तर औषध आणलं," भद्दक कण्हत म्हणाला. "परत कुठल्या पायांनी जाऊ?"

बोधिसत्त्वांनी तेल थांबवले, त्याला पेज पाजली आणि मग ते घरोघर फिरले. सोमिलाचे काही रोगी खरेच ठणठणीत होते, काही खाटेवर. उत्पलेच्या सल्ल्याने कित्येकांचा ताप उतरला होता. एका रंगाऱ्याचा खोकला मात्र तिच्याच सल्ल्याने बळावला होता. जितकी घरे पाहावीत तितका गोंधळ वाढे.

सकाळी सभेत राजाने उत्तर मागितले.

"महाराज, मला माहीत नाही," बोधिसत्त्व म्हणाले. "दारात आले तेवढेच मी पाहिले. जे आले नाहीत त्यांना विचारीपर्यंत कुणाचं तोंड बंद करू नका."

राजा नाराज झाला. मनाई टळली, पण आसन दुसऱ्याला मिळाले. बोधिसत्त्व सभेतून निघाले ते थेट भद्दकाच्या घरी, आणि तिथून पुढच्या दारी.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, तेव्हाच्या आणि आताच्या जन्मांचा मेळ घातला. तेव्हाचा राजा म्हणजे आज त्यांच्या विहाराला जागा देणारा उपासक. उत्पला म्हणजे आजारी भिक्षुणींची शुश्रूषा करणारी थेरी, ज्येष्ठ भिक्षुणी. आणि सभेत 'माहीत नाही' म्हणणारा तो तरुण म्हणजे ते स्वतः. त्या जन्मी त्यांनी जी पाळली, ती सत्यपारमिता, सत्य पूर्णत्वाला नेण्याची साधना.