पाठ टेकून बसलेली नागव्वा

बोरखडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसालाही ऐकूनच माहीत आहे, इतकी ही जुनी गोष्ट. गावाच्या डोक्यावर तळं होतं, आणि तळ्याचा मातीचा बांध दोनदा फुटला होता. दुसऱ्या खेपेला नागव्वाची आई वाहून गेली. तेव्हापासून दुरमुसानं माती चोपणारी ही बाई कुणाच्याच शब्दावर विसंबेना. ती फक्त मातीला विचारायची.

तिसऱ्यांदा बांध उभा राहिला. मृग आठ दिवसांवर आलेला, म्हणून सिदगोंडा पाटलानं घाई केली. वीतभर माती टाकायची, चोपायची, मग पुढची वीत, अशी रीत. पाटलानं कंबरभर थर ओतवले आणि वरून तेवढे चोपून घेतले. मग स्वतः घोडा दौडवत बांधावरून गेला. एक खूर उमटला नाही. पाटील खूश!

नागव्वा म्हणाली, "पाटील, घोडं वरनं चालतंय. पाणी आतनं चालतंय."

तिनं पहारीनं कोपरभर खोल खड्डा घेतला आणि निघालेली माती हातानं परत त्यातच भरली. पक्की चोपलेली माती एकदा सुटली की फुगते. खड्डा भरून ती उरायलाच हवी. इथं खड्डा भरलाच नाही.

"तुझ्या हातानं काय कळतंय?" पाटील चिडला.

"मग तुमच्या हातानं बघा की!"

पाटलानं दुसरा खड्डा घेतला. असं म्हणतात, त्यानं त्यातली माती घातली, वर सात पाट्या आणखी ओतल्या, तरी खड्डा आ वासून होता. पाटलाचं तोंड उतरलं. पण माणूस भला, हे मानलंच पाहिजे. बांध उकलायला पहिली कुदळ त्यानंच घातली.

आठ दिवस सारा गाव वीत वीत माती चोपत होता. दुरमुसांच्या दणक्यानं तीन गावांच्या विहिरींत पाणी हिंदकळत होतं, असं म्हणतात. दर थराला नागव्वा खड्डा घ्यायची. शेवटच्या खड्ड्याची माती एवढी उरली, की तिचा ढीग देवळाच्या कळसाला टेकला!

मग पूर आला. पाऊस वरच्या डोंगरात, गावात लख्ख ऊन. पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभरावर येऊन ठेपलं. माणसं माळाकडे पळाली. नागव्वा गावाच्या बाजूनं बांधाच्या पायथ्याशी पाठ टेकून बसली.

"आय गेली ती हितनंच," ती म्हणाली. "बांध पाझरला तर आधी माझी पाठ भिजंल."

दिवस कलेपर्यंत ती हलली नाही. उठली तेव्हा पाटलिणीनं तिच्या पाठीवर हात फिरवला. लुगडं कोरडं ठणठणीत! पाटलीण तिच्या गळ्यात पडून रडली, आणि माळावरून हलग्या कडाडल्या.

आजही बोरखडीत पाया असो की रस्ता, भराव झाला की खड्डा घेतात. ठेकेदार खुशाल यंत्रं आणो, शिक्क्यांचे कागद दाखवो. सरपंचाला गुडघ्यावर बसून आपल्या हातानं माती भरावी लागते. उरलेली ओंजळ नागव्वाच्या नावानं गावातल्या एखाद्या आईच्या पदरात घालतात. ती "पक्कं" म्हणाली, की मगच हलगी वाजते.