राहेलबाईचं बेसूर भजन

ही गोष्ट आमच्या पणजोबांच्या लहानपणीही जुनीच होती. दगडपिंपळगावात गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहेलबाई राहायची. तिच्या घरच्यांनी येशूला मानलं होतं, पण गावाने काही तिला विहिरीच्या दोराला हात लावू दिला नव्हता. वस्तीतल्या बायकांनी लांब उन्हात बसायचं, कुणाला दया आली तर तो वरून घागरीत पाणी ओतायचा.

वाट बघताना राहेलबाई भजन म्हणायची. येशूने विहिरीवर एका परक्या जातीच्या बाईकडे पाणी मागितलं, तेही तिच्याच घागरीतलं, असं ते भजन होतं. अर्थ गोड होता. आवाज मात्र असा, की तो ऐकून म्हशी पान्हा चोरायच्या, असं म्हणतात.

भुजंगराव पाटलांचं घर विहिरीला लागून. दुपारी त्यांचा डोळा लागेना. ते ओरडले, "त्या बाईला लांब बसवा!" ती चिंचेखाली बसली आणि गावाला ऐकू जावं म्हणून तिने आवाज चढवला. मग तिला ओढ्यापलीकडे धाडलं. आवाज आणखी चढला. शेवटी टेकडीवर धाडलं. तिथून भजन पलीकडच्या खोऱ्यात उतरलं, आणि तिकडचे होले जे उडाले ते परत आलेच नाहीत, असं म्हणतात.

शेजारगावचा पाटील तावातावाने आला. "भुजंगराव, पाणी तुम्ही अडवायचं आणि झोप आमची उडवायची?"

भुजंगराव भर उन्हात टेकडी चढले. वर पोचेपर्यंत घशाला कोरड पडली.

"राहेल, गप बस गं बाई. आणि आधी घोटभर पाणी दे."

तिने रिकामी घागर उपडी करून दाखवली. "पाणी तुमच्या विहिरीत आहे, पाटील. चला, काढून देते."

"तू काढणार?"

"नाहीतर इथंच गात बसते."

पाटील तिच्या पुढे धावत खाली उतरले.

सगळ्या गावादेखत राहेलबाईने दोर धरला, पोहरा वर ओढला. पाटलांनी ओंजळ पुढे केली आणि ते पोटभर प्याले. लोकांनी वाकून वाकून विहिरीत पाहिलं. पाणी होतं तसंच होतं.

"आता तू भर आणि जा," पाटील म्हणाले.

"मी एकटीच? का वस्तीतल्या सगळ्याजणी?" तिने पुढच्या कडव्यासाठी श्वास घेतला.

"सगळ्याजणी! सगळ्याजणी!"

अजूनही नाताळच्या आदल्या दिवशी सगळ्या आळ्यांतली माणसं त्या विहिरीवर ते भजन म्हणतात. ज्याचा आवाज सगळ्यांत वाईट, त्याला पहिली घागर. गेली कित्येक वर्षं हा मान पाटलांच्याच घरात जातो, आणि त्यात काडीचीही लबाडी नसते, असं म्हणतात.