भुऱ्याचा पाहुणचार

घाटमाथ्यावरच्या एका गावात हैबतराव नावाचे गृहस्थ राहत. शहरातल्या श्रीमंतांनी हौसेने पाळलेली आणि हौस फिटल्यावर टाकून दिलेली परदेशी जनावरे ते आणून सांभाळत. कुणाचा पंख छाटलेला पोपट, कुणाचे पाठीवर रंग फासलेले कासव. हैबतराव मनाने चांगले होते. फक्त त्यांना कुणाला 'नाही' म्हणता येत नसे. गाव याला भिडस्तपणा म्हणे आणि त्याचे कौतुक करी.

एके वर्षी तिथे एक अल्पाका आला. हे जनावर उंटाच्या कुळातले, पण मेंढीपेक्षा थोडेच उंच. लांब मानेचे, लोकरीने भरलेले. एका बंगलेवाल्याने त्याला मुलीच्या लग्नात मांडवाच्या दाराशी उभे केले होते. पाहुण्यांचे फोटो काढून झाले, मग महिनाभर मोटारीच्या शेडमध्ये बांधून ठेवले. हैबतरावांनी त्याला सोडवून आणले, भुऱ्या असे नाव ठेवले आणि कुंपणावर पाटी लावली: 'परदेशी पाहुणा'.

इथेच घोटाळा झाला. पाहुणा म्हटल्यावर आपली माणसे रिकाम्या हाताने जात नाहीत. सुट्टीच्या दिवशी लोक येऊ लागले ते डबे घेऊनच. कुणी भात घाली, कुणी जिलेबी, कुणी बिस्किटे. भुऱ्या घाबरला की बारीक सुरात गुणगुणत असे. लोक एकमेकांना म्हणत, "बघा, आवडलं त्याला! गाणं म्हणतोय!"

भुऱ्याची देखभाल जनाक्का करी. तिचा जन्म मेंढरांमागे गेला होता. ती म्हणाली, "मालक, हे रवंथ करणारं जनावर. गवतावर जगतं. असलं मऊ अन्न त्याच्या पोटात आंबतं. मग पोट फुगतं आणि जनावर हातचं जातं."

झालेही तसेच. आठवड्याच्या आत भुऱ्या आडवा पडला. गुरांच्या डॉक्टरांनी तीन दिवस खपून त्याला उभे केले. जाताना ते म्हणाले, "हैबतराव, पुन्हा पोळी-भात पोटात गेला तर मला बोलावू नका. माझा काही उपयोग होणार नाही."

जनाक्काने दुसरी पाटी मागितली, 'खायला घालू नये' अशी.

"पाहुण्याच्या दारात असली पाटी? माणसं काय म्हणतील?"

"म्हणू देत. पोट काही माणसांचं फुगत नाही."

हैबतरावांनी पाटी लावली नाही. पण कुंपणाशी स्वतः उभे राहून लोकांना अडवीन, असा शब्द दिला. अनोळखी माणसांना 'नको' म्हणणे त्यांना कसेबसे जमलेही. भुऱ्या सावरला. जनाक्काच्या मागे मागे फिरू लागला.

मग होळी आली, आणि होळीच्या दुपारी गोदाकाकू आल्या. हैबतरावांच्या या कामासाठी काकूंनी आपली जमीन दिली होती. वयाची ऐंशी उलटलेली. हातात डबा, डब्यात तुपाने माखलेल्या पुरणपोळ्या.

"काय रे हैबत, पाहुण्याला सणाचं काही गोडधोड घातलंस की नाही? की नुसतं गवत?"

जनाक्का पुढे झाली. "काकू, त्याला..."

"असू दे, जनाक्का," हैबतराव घाईने म्हणाले. "एका पोळीनं काय होतंय?"

भुऱ्याने एक पोळी खाल्ली. काकू म्हणाल्या, "एकच कशी वाढायची?" आणि दुसरी दिली. भुऱ्या गुणगुणू लागला. "अगं बाई, मागतोय की!" म्हणून काकूंनी तिसरी दिली. आणि तीन पोळ्या तर कुणाच्याच पानात वाढत नाहीत, म्हणून चौथी.

हैबतराव शेजारी हसतमुखाने उभे होते. प्रत्येक पोळीला त्यांच्या तोंडाशी शब्द येत होता आणि ते तो गिळत होते. काकूंना घालताना पाहून आणखी चार जणांनी आपापले डबे उघडले. आता त्यांना तरी कोणत्या तोंडाने अडवायचे?

धुळवडीच्या सकाळी भुऱ्याचे पोट नगाऱ्यासारखे ताणले होते. बोलावू नका म्हणणारे डॉक्टर धावत आले. त्यांनी होते तेवढे सगळे उपाय केले. जनाक्काने त्याची मान मांडीवर घेतली होती. दुपार होता होता त्याचे गुणगुणणे थांबले.

बातमी कळताच गोदाकाकू नातवाच्या हाताला धरून आल्या. लोकरीच्या त्या ढिगापाशी थांबल्या.

"माझ्या पोळ्यांनी गेला?"

हैबतरावांनी होकारार्थी मान हलवली.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं, काकू."

"मग बोलला का नाहीस? मी काय तुला खाल्लं असतं?"

"तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून."

काकू हळूच म्हणाल्या, "आणि आता काय वाटतंय रे मला?"

 

तात्पर्य: ज्याला 'नको' म्हणता येत नाही अशा जिवाचा भार घेतला, की त्याच्या वतीने 'नको' म्हणणे हे आपले पहिले काम. दुसऱ्याच्या जिवावर राखलेली भीड हा चांगुलपणा नव्हे, तो भित्रेपणा आहे.