कोळशाची रेघ

स्पेनच्या किनाऱ्यावरच्या एका गावात जुन्या दगडी टाक्यांची ओळ होती. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक त्यांत मासे खारवत. नगराध्यक्ष आन्सेल्मो यांनी शेजारीच हॉटेल बांधले आणि गाड्या लावायला जागा हवी म्हणून ती टाकी पाडायला मजूर आणले.

जन्मभर मासे खारवलेल्या रेमेदिओसबाई टाक्याच्या काठावर जाऊन बसल्या.

"बाई, उठा!" नगराध्यक्ष म्हणाले. "या पडक्या डबक्यांत पाणी तरी राहतं का?"

"राहिलं तर?"

"तर दगडाला हात लावणार नाही. ज्यात पाणी राहत नाही ते पाडायचं, हा माझा सरळ न्याय!"

"मग तुमच्या हॉटेलातल्या पोहण्याच्या तलावालाही तोच लावा, साहेब."

नगराध्यक्ष जमलेल्या गावासमोर हसले. "लावा की! अजून वर्षाचाही नाही झाला तो."

खारवणारे लोक मासे भरण्याआधी टाके जसे पारखतात, तसेच बाईंनी केले. दोन्हीकडे पाणी भरून घेतले, पाण्याच्या पातळीवर कोळशाने रेघ ओढली आणि उन्हाने आटले असे कुणी म्हणू नये म्हणून वर ताडपत्री घातली.

दुसऱ्या दिवशी टाक्यातले पाणी रेघेला टेकलेलेच होते. तलावातले वीतभर उतरले होते. तलावामागची वाळू भर उन्हातही ओली राहते, हे बाई कित्येक दिवस पाहत होत्या.



"न्याय तुमचाच, साहेब," बाई म्हणाल्या. "मजूर खोळंबलेत. त्यांना तलाव दाखवू, की घरी पाठवू?"